नागपुरात ‘ग्रीन सर्टिफाइड’ फ्लॅटसाठी जादा पैसे मोजावेत का?

वर्धा रोडकडे एक फ्लॅट स्कीम पाहिली, बिल्डर ‘ग्रीन’ म्हणून चौरस फुटाला जादा भाव सांगतोय, तो द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी इमारतींच्या वीज-एसीच्या कामात आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

आधी कागद मागा. इमारतींना ‘ग्रीन’ रेटिंग देणाऱ्या आयजीबीसीचं (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) प्री-सर्टिफिकेशन नुसत्या नकाशांवर मिळतं, फायनल रेटिंग इमारत उभी राहिल्यावर. दोन्हीतलं ब्रोशरवर नेमकं कोणतं छापलंय ते बघा. शिवाय २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम रेटिंगला ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय आहे, म्हणजे त्याच प्लॉटवर तेवढं जास्त बांधता येतं. बिल्डरने तो घेतला असेल, तर ‘ग्रीन’चा खर्च त्यातून बराचसा वसूल झालाय. भाव करताना हे बोलून दाखवा.

आता उन्हाचं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो आणि नेमका त्याच दिवसांत सूर्य दुपारी नागपूरच्या थेट डोक्यावर असतो. सगळा मारा स्लॅबवर. वरचा मजला घेत असाल तर गच्चीला इन्सुलेशन काय केलंय, ते आधी विचारा. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला फारसा अडवत नाही. त्या बाजूला जिना, लिफ्ट, बाथरूम असलेले बरे. तिथे बेडरूमची मोठी काच असेल तर प्लॅटिनम असूनही एसी मध्यरात्रीपर्यंत धापा टाकेल.

आणि कूलर कुठे बसणार, हे विचारा. सेल्समन हसेल, हसू द्या. मेच्या कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत खोली गार करतो, पण आत आलेली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर जायला हवी, नाहीतर नुसता दमटपणा साचतो. एकाच बाजूने उघडणाऱ्या फ्लॅटमध्ये एसी लावावाच लागतो, मग वीजबचत ब्रोशरमध्येच राहते. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी, तेव्हाही आरपार वाराच कामाला येतो.

सर्टिफिकेट फालतू असतं असं नाही. आपल्या मेट्रोच्या खापरी स्टेशनलाही प्लॅटिनम आहे. पण तिथे आपण दहा मिनिटं थांबतो, घरात रात्रभर झोपायचं असतं.

याच बिल्डरची जुनी, राहती स्कीम शोधा. वरच्या मजल्यावर पश्चिमेकडच्या फ्लॅटची बेल वाजवा आणि त्यांचं मे महिन्याचं लाइट बिल बघायला मागा. नागपूरकर चहा पाजून दाखवतात.