आधी पदरमोड, मग परतफेड: अमेरिकेत कंपनीच्या खर्चाने शिकायचं तर

तुम्ही विचारलंत की हिंजवडीच्या ऑफिसातून त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात एल-१ व्हिसावर बदली होतेय आणि पत्रात 'ट्युइशन रिइम्बर्समेंट' (भरलेली फी कंपनीने परत देणं) अशी एक ओळ आहे, तर कर्ज काढून एमएस करण्याचा बेत सोडून नोकरी सांभाळत कंपनीच्या पैशाने शिकावं का? माझं मत, जरूर शिका. फक्त त्या एका ओळीच्या जोरावर हिशेब मांडू नका. मी स्वतः या सोयीतून शिकले आणि पुढे टीममधल्यांचे असले अर्ज मंजूर करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बहुतेक ऑफिसांत कंपनी कॉलेजला एक डॉलरही भरत नाही. फी तुम्ही भरायची. कोर्स सुरू व्हायच्या आधी मॅनेजर आणि एचआरची मंजुरी घ्यायची. नंतर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही. कोर्स संपला की ठरलेली ग्रेड, बऱ्याच ठिकाणी बी किंवा त्याहून वरची, पडलेली असली पाहिजे. मग पावती आणि निकाल मुदतीत अपलोड करायचा, आणि पैसे पगाराबरोबर येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये भरलेली फी डिसेंबरचा निकाल लागून जानेवारीत हातात. नव्याने आलेल्या माणसाकडे इथली क्रेडिट हिस्ट्री नसते, कार्डाची मर्यादा चिमूटभर असते, तेव्हा एका सेमिस्टरची फी बाजूला असल्याशिवाय प्रवेश घेऊ नका. युनिव्हर्सिटी हप्ते देते का तेही बघा. (अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या गोदामात तासावर काम करणाऱ्यांची फी परस्पर भरतात, पण ती योजना वेगळी.)

आता ५,२५० या आकड्याबद्दल. तुमच्या पत्रात हाच आहे आणि तो कंपनीने मनाने काढलेला नाही. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १२७ नुसार कंपनीने शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले तर त्यावर तुम्हाला टॅक्स नाही. १९८६ पासून आकडा तोच होता. २०२५ च्या कायद्याने तो २०२६ नंतर महागाईप्रमाणे वाढत जाईल अशी सोय केली. कंपनीने ८,००० दिले तर वरचे २,७५० साधारणपणे पगारात धरून टॅक्स कापला जातो. एका वर्षीची उरलेली मर्यादा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. मात्र बहुतेक कंपन्यांत रक्कम ज्या वर्षी मिळते त्या वर्षात मोजतात, त्यामुळे डिसेंबरात संपलेल्या कोर्सचे पैसे जानेवारीत आले तर ते नव्या वर्षाच्या खात्यात जातात. कोर्स कुठल्या सेमिस्टरला घ्यायचे हे यावर ठरवता येतं. तुमच्या पे-रोलची पद्धत आधी विचारून घ्या. फी, पुस्तकं, कोर्सचं साहित्य यात बसतं. जेवण, राहणं, येणं-जाणं बसत नाही. नवऱ्याचं किंवा बायकोचं शिक्षणही बसत नाही. तुमच्या मिसेसना एल-२ वर (एल-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी करता येते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कंपनीची सोय बघावी.

या मर्यादेत मावेल अशी डिग्री निवडणं हाच शहाणपणा. जॉर्जिया टेकची ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सची एमएस २०१४ पासून चालू आहे, १० कोर्स, एकूण खर्च साधारण ७,००० डॉलर. दोन-तीन वर्षांत पसरली की जवळजवळ सगळा खर्च टॅक्स न लागता निघतो. उलट ६०-७० हजारांचं पार्ट-टाइम एमबीए घेतलंत तर कंपनीचा वाटा म्हणजे दर्या में खसखस.

व्हिसाच्या बाजूने: एल-१ वर नोकरी सांभाळून शिकायला हरकत नाही. पण असं शिकून ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करायची परवानगी, मिळत नाही. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी. नोकरी गेली तर ही डिग्री तुम्हाला देशात ठेवणार नाही, जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. कर्ज काढून केलेल्या एमएसमध्ये आणि यात खरा फरक हाच. पैशाचा फरक त्यानंतर.

आणखी एक बाब फारसं कोणी सांगत नाही. तुमची बी.एस्सी. तीन वर्षांची आहे, त्यामुळे ग्रीन कार्डच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) गटात अडचण येऊ शकते, आणि इथली एमएस ती भरून काढेल असं तुम्ही धरून चालला असाल. पर्म अर्जात (ग्रीन कार्डसाठी कंपनी आधी कामगार खात्याकडे करते तो) हे खातं कंपनीच्या खर्चाने घेतलेलं शिक्षण धरत नाही. त्या जागेसाठी येणाऱ्या अमेरिकी उमेदवारांनाही तशीच सोय देऊ केली असेल तरच धरतं. तेव्हा पैसे घेण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला हे विचारा. उत्तर नकारार्थी आलं तर जॉर्जिया टेकसारखी स्वस्त डिग्री स्वतःच्या खिशातून केलेली परवडते.

बॉण्डचं सांगायला नको, पुण्यात आपण ते पाहिलेलेच आहेत. इथे कलम असं असतं: पैसे मिळाल्यावर वर्षा-दोन वर्षांत सोडलंत तर परत करा. काही ठिकाणी महिन्यागणिक रक्कम उतरत जाते, काही ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण. एल-१ वर दुसरीकडे उडी मारणं तसंही अवघड, म्हणून तुमच्यासाठी 'सोडलं तर' पेक्षा 'काढलं तर' महत्त्वाचं. कपातीत नोकरी गेली तरी वसुली करणार का, आणि मधल्या सेमिस्टरची फी बुडणार का, हे लेखी घ्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांवर अशा वसुलीला बरीच बंधनं घातली आहेत. तुमची बदली टेक्सासला, तिथे ती लागू नाहीत.

एचआरकडून योजनेचं पूर्ण कागदपत्र मागवा, सारांश नको. त्यात दोन गोष्टी नीट बघा: पात्र व्हायला सहा महिने किंवा वर्ष थांबायचं असेल तर पुण्यातली वर्षं धरतात का, आणि तुमचा पगार अमेरिकेतल्या कंपनीच्या पे-रोलवर येणार आहे ना. क्लायंटच्या ऑफिसात बसणाऱ्या कंत्राटी माणसाला क्लायंटची योजना लागू होत नाही.

आणि निघण्याआधी पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचं (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत प्रतीचं) काम उरकून घ्या. इथून ते करताना काही अडलं तर भावाला किंवा मित्राला रजा काढून गणेशखिंडीत पाठवायची वेळ येऊ शकते.