मिलिमीटरच्या आतलं अंतर मोजायचं तर सेन्सर कोणता?

प्रश्न : दोन अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांमधली फट ० ते ५ मिलिमीटर अशी बदलते. त्यातला ०.०५ मिलिमीटरचा फरक कळायला हवा. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक (ध्वनीवर चालणारा) सेन्सर लावून पाहिला, आकडे नुसते उड्या मारतात. लेझरचा टाइम-ऑफ-फ्लाइट (प्रकाशाला जाऊन यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढणारा) सेन्सर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. एचसी-एसआर०४ दोन सेंटिमीटरच्या आत काही पाहूच शकत नाही. पल्स सोडल्यावर त्याची चकती थोडा वेळ थरथरत राहते आणि तेवढ्यात प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. शिवाय ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची एक लहरच साडेआठ मिलिमीटरची! लेझरचं दुखणं वेगळं. फट ०.०५ मिलिमीटरने वाढली तर प्रकाशाला जाऊन यायला जेमतेम ०.३३ पिकोसेकंद जास्त लागतात. व्हीएल५३एल०एक्ससारखा सेन्सर पूर्ण मिलिमीटरमध्येच वाचन देतो आणि तेही स्थिर राहत नाही.

तुमच्या कामाला लिनिअर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) आणि छोटा चुंबक घ्या. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत हे बरंच आहे, लोखंडी असत्या तर चुंबकाचं क्षेत्र वेडंवाकडं झालं असतं. एका पट्टीवर ६ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची निओडिमियम चकती आणि बरोबर समोर एसएस४९ई हा हॉल सेन्सर लावा. फट शून्य असतानाही दोघांत ४ मिलिमीटर अंतर उरेल अशी बैठक करा, नाहीतर जवळ आल्यावर आउटपुट टोकाला जाऊन अडकतं.

आता खरी मेख. क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतं. या चकतीला फट मिटलेली असताना ०.०५ मिलिमीटरमागे सुमारे १९ मिलिव्होल्टचा फरक मिळतो, पण फट ५ मिलिमीटर झाली की तोच फरक अडीच मिलिव्होल्टवर येतो. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या १० बिट एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे तिथे तो फरक हरवणार. म्हणून एडीएस१११५ हा १६ बिटांचा वेगळा एडीसी लावा आणि १६ वाचनांची सरासरी घ्या.

एडीएस१११५ लावल्यावर एक चूक हमखास होते. एसएस४९ईचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात हलतं. उनोचा एडीसी त्याच ५ व्होल्टशी तुलना करतो, त्यामुळे तिथे चढउतार आपोआप कटतो. एडीएस१११५चा संदर्भ व्होल्टेज मात्र त्याच्या पोटातच असतो. तेव्हा दुसऱ्या चॅनलवर पुरवठाही मोजा आणि सेन्सरच्या वाचनाला त्याने भागा.

कॅलिब्रेशनसाठी पितळी एम६ बोल्ट वापरा. त्याचा पिच (एका फेरीत सरकण्याचं अंतर) १ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावर २० खुणांची चकती चिकटवली की एक खूण ०.०५ मिलिमीटर. नेहमी एकाच दिशेने फिरवत खुणेवर या. उलट फिरवलंत तर आट्यांमधली ढील वाचनात शिरते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून तपासण्याचा मोह होईल, पण त्याची पाती पोलादी असतात आणि चुंबकाचं क्षेत्रच ओढून घेतात. मिळालेल्या अंतर-वाचन जोड्यांचं टेबल कोडमध्ये घाला आणि मधली मूल्यं इंटरपोलेशनने काढा.

आणि तापमान विसरू नका. निओडिमियम अंशामागे साधारण ०.१ टक्का कमजोर होतो. १० अंशांची वाढ झाली तर फट ०.०३ ते ०.०४ मिलिमीटरने वाढल्याचा भास होईल. तुम्हाला हवा तो बारकावा जवळजवळ तेवढाच आहे, तेव्हा चुंबकाशेजारी तापमान सेन्सर हवाच.

प्रश्न : टीसीआरटी५००० (परावर्तित इन्फ्रारेड प्रकाश मोजणारा सेन्सर) जवळ नेताना वाचन वाढतं आणि मग पुन्हा घसरतं. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर ठीक आहे. त्याचा सिग्नल सुमारे अडीच मिलिमीटरवर सर्वांत जास्त असतो आणि त्याहून जवळ गेलं की एलईडीचा प्रकाश रिसीव्हरपर्यंत पोहोचत नाही. सेन्सर थोडा आत बसवा, म्हणजे अंतर ३ मिलिमीटरखाली जाणारच नाही. तरी त्याला पृष्ठभागाचा रंग अंतरासारखाच दिसतो, तेव्हा समोर कायम एकच मॅट पांढरी पट्टी ठेवा. एलईडी चालू आणि बंद असतानाची वाचनं वजा केली की खोलीतला प्रकाश निघून जातो.

प्रश्न : काही मायक्रॉनची हालचाल पाहायची आहे, चुंबक लावता येत नाही.

उत्तर : मग कपॅसिटन्स (दोन प्लेटची विद्युतभार साठवण्याची क्षमता). २० बाय २० मिलिमीटरच्या दोन प्लेट १ मिलिमीटरवर ठेवल्या तर सुमारे ३.५ पिकोफॅरड मिळतात. त्या १ मायक्रॉनने जवळ आल्या की फरक ३.५ फेम्टोफॅरडचा. कपॅसिटन्स मोजणाऱ्या एफडीसी१००४ चिपचं रिझोल्यूशन ०.५ फेम्टोफॅरड आहे, म्हणजे चिपला हे झेपतं. झेपत नाही ते वायरला, म्हणजे जाळीने वेढलेल्या कोअ‍ॅक्स वायरला. कोअ‍ॅक्सची सेंटिमीटरभर लांबीच जवळपास १ पिकोफॅरडची असते, त्यामुळे वायर जराशी हलली तरी प्लेट सरकल्यासारखं वाचन येतं. चिप प्लेटपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा, कोअ‍ॅक्सची जाळी ग्राउंडला न जोडता चिपच्या शील्ड पिनला जोडा आणि वायर चिकटवून टाका. आधाराची पट्टीही तपासा : १० सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला २.३ मायक्रॉन वाढतं.

प्रश्न : डिजिटल कॅलिपर थेट आर्डुइनोला जोडता येतो का?

उत्तर : स्वस्त कॅलिपरांत बहुधा डेटाचे चार पॅड असतात, पण सिग्नल दीड व्होल्टचा असतो. उनोला तो ‘हाय’ वाटतच नाही. क्लॉक आणि डेटा दोन्हींवर एकेक एनपीएन ट्रान्झिस्टर लावा, बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या आणि बिट उलटे (० चा १, १ चा ०) येतात हे कोडमध्ये लक्षात ठेवा.