रॉब्सार्टसारख्या ओस गावांवर लिहायचंय? मग आधी जमिनीचा नंबर काढा

तुम्ही कॅल्गरीहून रॉब्सार्टला जाऊन आलात, भरपूर फोटो काढलेत आणि आता कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या ओस पडलेल्या गावांवर मराठीत लेखमाला करायचं मनात आहे. पण कुठल्याही गावाबद्दल शोधलं की त्याच तीन ओळी हाती लागतात, असं तुम्ही लिहिलंय. पडक्या घरांत शिरलेलं चालतं का, हाही तुमचा प्रश्न आहे. मी इथल्या राजधानीत, रेजायनात, अठरा वर्षं आहे आणि त्यातली बारा-तेरा वर्षं याच नादात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाबद्दल. आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराख गाव' असतं. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. रॉब्सार्टमध्ये मोजक्या घरांत का होईना, दिवा लागतो. तिथे राहणाऱ्या माणसाला आपल्या गावाला कुणी 'भुताचं गाव' म्हटलेलं आवडत नाही, आणि तुम्हाला पुढे त्याच माणसाकडून माहिती हवी असते. मी 'ओसरलेलं गाव' म्हणतो.

आता मूळ मुद्दा. गावाच्या नावाने शोधू नका, जमिनीच्या नंबराने शोधा. इथली सगळी जमीन सरकारने आधीच चौकोनांत मोजून ठेवली होती. ६ मैल गुणिले ६ मैल म्हणजे एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. १ नंबर आग्नेय कोपऱ्यात, तिथून नागमोडी मोजत ३६ नंबर ईशान्य कोपऱ्यात. सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाला. १८७२च्या कायद्याप्रमाणे १० डॉलर फी भरायची, तीन वर्षांत घर बांधून राहायचं, ठरलेली जमीन नांगराखाली आणायची, की ती नावावर. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला आपल्या गट नंबरासारखा पत्ता आहे, उदाहरणार्थ 'ईशान्य १४-२२-५, तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला'. म्हणजे सेक्शन १४चा ईशान्य हिस्सा, टाउनशिप २२, रेंज (टाउनशिपांची उभी रांग) ५, आणि मेरिडियन म्हणजे मोजणीसाठी धरलेली उत्तर-दक्षिण रेषा. गावाची नावं बदलली, पुसली गेली. हा नंबर तसाच आहे.

तो हाती आला की प्रांताच्या अभिलेखागारातली होमस्टेडची, म्हणजे अशा १६० एकरांच्या वाटपाची, फाइल मागता येते. पहिल्यांदा मी अशी फाइल उघडली तेव्हा दुपारभर जागचा हललो नाही. जमीन नावावर करून घेताना त्या माणसाला शपथेवर सगळं सांगावं लागे: किती एकर नांगरली, गुरं किती, घर किती लांब-रुंद आणि त्याची किंमत काय, घरात माणसं किती, कुठल्या देशाचा, जवळचं टपाल कार्यालय कुठलं. त्या फाइलमधलं घर १२ फूट गुणिले १४ फूट होतं आणि आत नवरा, बायको, चार मुलं. खाली सहीच्या जागी फुली. हे एक पान तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त बोलेल.

याला जोड जनगणनेची. १९०६, १९१६ आणि १९२६ला फक्त मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रेअरी (गवताळ माळाच्या) प्रांतांची वेगळी जनगणना झाली, आणि १९३१ची पानं २०२३पासून सर्वांना खुली आहेत. शिवाय हेंडरसनच्या व्यापारी डिरेक्टऱ्या पाहा. गावात लोहार कोण, लाकूडवाला कोण, हॉटेल कुणाचं, सगळं त्यात मिळतं. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे टपाल कार्यालयांची आणि पोस्टमास्तरांची यादी आहे. कार्यालय कधी उघडलं आणि कधी बंद झालं, ते त्यातून कळतं. गाव नक्की कधी सरलं याचा मला तरी यापेक्षा भरवशाचा पुरावा सापडलेला नाही.

गाव का सरलं, इथे मात्र जपून लिहा, कारण मी स्वतः चुकलो आहे. एका गावाबद्दल मी बिनदिक्कत लिहिलं की १९३०च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी ते संपवलं. ऐकायला छान वाटतं, म्हणून सगळेच तसं लिहितात. ते कुणीतरी इंग्रजीत सांगितल्यावर ऐंशी पार केलेल्या एका बाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, दुष्काळ आम्ही काढला. आमची शाळा गेली, तेव्हा गाव गेलं. मी मान खाली घालून लेख दुरुस्त केला.

खरी गोष्ट अशी की ही गावं रेल्वेच्या हिशोबातून जन्मली. शेतकऱ्याने घोडागाडीत गहू घालून आणायचा आणि अंधाराच्या आत घरी परतायचं, म्हणून ७ ते १० मैलांवर एक स्टेशन आणि एक एलेव्हेटर, म्हणजे रुळांकाठचं ते उंच लाकडी धान्याचं कोठार. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ओळीने नावं देऊन टाकली. वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा (W, X, Y, Z) हा त्याच माळेचा शेवट. गावाला नाव आधी मिळालं, माणसं मागून आली. मग मोटारी आणि पक्के रस्ते आले आणि ७ मैलांचा हिशोबच मोडला. १९४४च्या कायद्याने छोट्या शाळा मोठ्या विभागांत गोळा झाल्या, मुलं बसने लांबच्या गावात जाऊ लागली, आणि जिथे मूल शिकतं तिथेच आई वाणसामान घेते. पुढे रेल्वेचे फाटे उखडले गेले. १८९७पासून धान्याच्या वाहतुकीला जी सवलत होती, तिचा उरलासुरला आधार १९९५मध्ये गेला. आता प्रचंड काँक्रीटची टर्मिनलं आली. १९३३मध्ये तिन्ही प्रांतांत मिळून ५,७५८ एलेव्हेटर होते, आज त्यातले थोडेच उभे दिसतात.

दुष्काळ खोटा नव्हे. रॉब्सार्ट ज्यात येतं तो प्रांताचा नैर्ऋत्य पट्टा तर जॉन पॅलिसर या ब्रिटिश शोधकाने १८५७-६०च्या मोहिमेनंतर शेतीला नालायक ठरवला होता, तरी १९०८ला तो वसाहतीला खुला केला. तिथे दुष्काळाचा वाटा मोठाच आहे. पण प्रत्येक गावाचं कारण त्या गावातच शोधा.

स्थानिक इतिहासाची जाड पुस्तकं नक्की वाचा. १९८०मध्ये प्रांताच्या पंचाहत्तरीनिमित्त गावोगावच्या लोकांनी ती स्वतः लिहून काढली. कुटुंबागणिक नोंदी, फोटो, हॉकीचे संघ, सगळं प्रेमाने जपलंय. फक्त ज्यांनी आपली माहिती पाठवली त्यांचीच त्यात आहे. जवळपास प्रत्येक गावात एक चिनी कॅफे असे, आणि पुस्तकात त्याच्या मालकाला बहुधा अर्धी ओळ, तीही टोपणनावाने. हा माणूस १९०३नंतर आला असेल तर ५०० डॉलर डोईपट्टी भरून आलेला. १९२३ ते १९४७ बायकोमुलांना आणायची सोय नाही. १९१२च्या प्रांतिक कायद्याने गोरी स्त्री कामाला ठेवायला बंदी. मूज जॉच्या क्वांग विंगला त्यासाठी शिक्षा झाली आणि १९१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपणही समुद्रापलीकडून आलेली माणसं. ही अर्धी ओळ आपण तरी पूर्ण करावी, असं मला मनापासून वाटतं.

तसंच 'इथे आधी काही नव्हतं' हे वाक्य लिहू नका. दक्षिणेची ही करार क्रमांक ४ची भूमी आहे, म्हणजे सरकारने इथल्या मूळ रहिवाशांशी केलेला करार, साल १८७४. रानगवे १८७९च्या सुमाराला संपले. रॉब्सार्टजवळच्या सायप्रस हिल्समध्ये उपाशी बसलेल्या या मूळ रहिवाशांचं रेशन तोडून त्यांना लांबच्या राखीव जमिनींवर जायला भाग पाडलं गेलं. मोकळा माळ मोकळा करून घेतलेला होता.

प्रत्यक्ष जाताना: परवानगीशिवाय आत शिरू नका. पडकं घर म्हणजे बेवारशी घर नव्हे, त्याचा कर कुणीतरी भरतं. २०२२पासून सस्कॅचवानात ग्रामीण खासगी जमिनीवर जायला आधी मालकाची संमती लागते, कुंपण नसलं, पाटी नसली तरी. रूरल म्युनिसिपालिटीच्या कार्यालयात मालकीचा नकाशा मिळतो. तिथल्या बाई बहुधा फोन कुणाला करायचा तेही सांगतात. संमती मिळाली तरी जमिनीवर कुजलेल्या फळ्या दिसल्या तर पाय देऊ नका, खाली विहीर किंवा पाण्याची टाकी असू शकते. उंदरांच्या लेंड्या असलेल्या बंद खोलीत झाडझूड करू नका, हंटाव्हायरस इथे खरोखरचा आजार आहे. पाऊस झाल्यावर मातीच्या रस्त्यावर गाडी घालू नका. ती चिकण काळी माती विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. तिथली बाटली, दाराची मूठ, काहीही उचलू नका.

आणि घरं नसतील तिथेही पाहायला शिका. आपल्याकडे जुन्या वस्तीची जागा पांढरीच्या मातीवरून ओळखतात. इथे ती झाडं सांगतात. माळावर कॅरागानाच्या झुडपांची सरळ रांग दिसली की ते कुणीतरी वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेलं कुंपण. लायलॅकचं झुडूप म्हणजे पुढचं दार. एका जागी मला गव्हाच्या कडेला रूबार्बचे (आंबट देठांची परसातली भाजी) सात गड्डे एका ओळीत दिसले, शेजारी गवताने भरलेला चौकोनी खड्डा. तळघर आणि परसबाग. मालकाने त्यांच्या बाजूने नांगर वळवून घेतला होता. विचारलं तर म्हणाला, आजीचे आहेत, जूनमध्ये तोडून नेतो.

दफनभूमी चुकवू नका. गावात एकही छप्पर नसलं तरी तिथलं गवत कापलेलं असतं. कोण कापतं ते विचारा. तुमच्या लेखाचा पहिला माणूस बहुधा तोच निघेल.

फोन मात्र ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत करू नका, कापणीच्या धांदलीत कुणाला बोलायला वेळ नसतो. पहिला बर्फ पडल्यावर करा. जानेवारीत केलात तर एकेक जण दोन-दोन तास बोलतो.