कुत्ना होराला जाताय? हाडांवरच थांबू नका

प्रागहून एका दिवसात होणारं हे गाव, बेत उत्तम आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: मुख्य स्टेशन गावात नाही, सेडलेत्स या उपनगराजवळ आहे. जुनं गाव तिथून तीनेक किलोमीटर. तेव्हा सेडलेत्सचं अस्थिगृह, म्हणजे माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपेल, आधीच उरका. फ्रान्तिशेक रिन्ट या लाकूड कोरणाऱ्या कारागिराने १८७०मध्ये ही हाडं रचली आणि भिंतीवर सहीही हाडांचीच केली! पण बहुतेक लोक एवढं बघून माघारी फिरतात, ते मात्र करू नका.

गावाचं खरं नशीब चांदीनं घडवलं. १३००मध्ये राजा वाक्लाव दुसरा याने फ्लॉरेन्सचे नाणी पाडण्यातले जाणकार आणून ‘प्राग ग्रोश’ हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. ती टांकसाळ, व्लाश्स्की द्वूर, आजही उभी आहे.

खरा वेळ द्या तो संत बार्बराच्या चर्चला. बार्बरा म्हणजे खाणकामगारांची रक्षणकर्ती. काम १३८८ला सुरू झालं, हुसाइट युद्धं (पंधराव्या शतकातली इथली धर्मयुद्धं) आणि आटलेली चांदी यांत रखडत रखडत १९०५ला संपलं. छताच्या कमानी बघून झाल्या की बाजूच्या भिंतींकडे वळा: हातोडीने नाणी पाडणारे कारागीर तिथे रंगवलेत. राजे-संत सगळीकडेच असतात हो, मजूर कुठे दिसतात?

ह्रादेक या जुन्या वाड्यातल्या चांदीच्या संग्रहालयातून जुन्या खाणीत उतरता येतं; पांढरा डगला, हेल्मेट, दिवा तेच देतात. वाट फार अरुंद आहे, कोंदट जागेत जीव घाबरत असेल तर नाद सोडा.