नळी भरलेली दिसली म्हणजे पक्ष्यांना पाणी मिळतंय असं नाही

तुमचे तीन प्रश्न आधी एकत्र लिहून घेतो, म्हणजे उत्तरात काही सुटायला नको. सहा बजींच्या (बजरीगार, म्हणजे छोटे पाळीव पोपट) पिंजऱ्यातली पाण्याची वाटी तासाभरात घाण होते, तर नळी (उभी पाण्याची नळी, खाली छोटी पन्हाळ असलेली) घ्यावी की टोकाला स्टीलची गोळी असलेली बाटली? दुकानदाराने दिलेले व्हिटॅमिनचे थेंब रोज पाण्यात घालायचे का? आणि मे महिन्यात चार दिवस गावाला जायचं आहे, तर मोठी बाटली लावून गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. नाही, चालणार नाही. बाटली कितीही मोठी असली तरी नाही.

मी नागपूरला राहतो आणि सतरा वर्षं पक्षी पाळतोय. सुरुवातीच्या काळात, नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत, दोन दिवसांसाठी वर्ध्याला लग्नाला गेलो होतो. पाच बजी होते. एक मोठी नळी काठोकाठ भरून लावली आणि शेजारच्या मुलाला सांगितलं, "पाणी आहे का तेवढं बघ." त्याने दोन्ही दिवस येऊन बघितलं. नळी भरलेली होती. त्याचं काहीच चुकलं नाही. राळ्याची टरफलं नळीच्या खालच्या तोंडात अडकून घट्ट बसली होती आणि खालच्या छोट्या पन्हाळीत पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही परत आलो तेव्हा दोन पक्षी गेलेले होते. नळी तशीच, जवळजवळ भरलेली. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही, आणि हे एवढं लांबलचक उत्तर लिहितोय तेही त्यामुळेच.

नळी चालते कशी हे समजून घेतलं की ती कुठे दगा देते तेही कळतं. नळीचं तोंड पन्हाळीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. पक्षी पितो, पातळी तोंडाखाली जाते, हवेचा एक बुडबुडा आत शिरतो आणि तेवढंच पाणी खाली येतं. बाहेरच्या हवेचा दाब बाकीचं पाणी धरून ठेवतो. तोंडाशी टरफल किंवा बुळबुळीत थर साचला तर बुडबुडा आत जात नाही आणि पाणी वर तसंच अडकून राहतं. याउलट नळीला बारीकशी चीर गेली असेल, तर हवा वरून शिरते आणि थोड्या वेळात सगळं पाणी ट्रेमध्ये. तिसरा प्रकार आपल्याकडच्या उन्हाळ्यातला. अर्धी रिकामी नळी उन्हात आली की आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. गॅलरीतल्या पिंजऱ्याची नळी दुपारी "आपोआप" रिकामी होते ती यामुळे. म्हणून नळी नेहमी सावलीच्या बाजूला लावायची.

त्यामुळे रोज सकाळी नळी "भरलेली आहे का" हे बघू नका, "उतरली आहे का" हे बघा. नळीवर मार्करने रेघ मारून ठेवा. संध्याकाळपर्यंत पातळी रेघेच्या खाली गेलीच पाहिजे. गेली नसेल तर लगेच बोटाने पन्हाळीतलं पाणी थोडं उडवा. बुडबुडा वर जाताना दिसला तर वाट मोकळी आहे.

टोकाला गोळी असलेली बाटली सगळ्यांत स्वच्छ, यात वाद नाही. तिच्यात विष्ठा पडतच नाही. बजी आणि कॉकटेल (तुरेवाले कॉकाटिल पोपट) जिभेने गोळी हलवायला शिकतात. फिंचना (दाणे खाणाऱ्या चिमणीएवढ्या पाळीव पक्ष्यांना) मात्र ती सहसा जमत नाही आणि त्यांना ती देऊ नये. (झेब्रा फिंच तर कबुतरासारखी चोच बुडवून पाणी ओढून घेते, बाकीच्या बऱ्याच पक्ष्यांसारखी दर घोटाला मान वर करत नाही. तिला उघडं पाणीच हवं.) पण गोळी क्षाराने चिकटते, आणि चिकटलेली बाटलीही बाहेरून भरलेलीच दिसते. बाटली लावायची असेल तर जुनी वाटीही निदान दोन आठवडे आत ठेवा. प्रत्येक पक्ष्याला गोळीला चोच लावून पिताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वाटी काढू नका. सहापैकी पाच शिकले आणि सहावा नुसता बघत बसला, असं होतं.

माझं मत विचाराल तर दोन नळ्या लावा, पिंजऱ्याच्या दोन बाजूंना. एक अडली तर दुसरी असते. शिवाय दिवसातून तासभर एक उघडी वाटी, आंघोळीसाठी. दोन भांडी असणं हे भांडं कोणतं यापेक्षा फार महत्त्वाचं आहे.

आता घाणीचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वाटी दांडीच्या बरोबर खाली आहे आणि शेजारीच दाण्यांचा डबा. अशा ठिकाणी कुठलंही भांडं तासाभरात घाण होणारच. पक्षी दांडीवर बसून शी करतो, त्यामुळे दांडीच्या खाली पाणी नको. दाणा एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला न्या, म्हणजे टरफलं उडून पाण्यात पडायची थांबतात. पाण्याची पातळी दांडीवर बसलेल्या पक्ष्याच्या छातीच्या उंचीला ठेवा. वर दुसरी दांडी नाही ना, तेही बघा. एवढं आजच केलंत तर निम्मा प्रश्न बहुतेक पैसे न खर्चताच सुटेल.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळेच कमी पडतात, मीही कमी पडायचो. नुसतं विसळून पाणी बदलणं म्हणजे धुणं नव्हे. नळीच्या आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. तो विसळल्याने निघत नाही, घासावाच लागतो. त्यासाठी बाटली धुवायचा बारीक ब्रश हवाच. भांड्यांचे दोन जोड ठेवा: एक पिंजऱ्यात, दुसरा धुऊन उन्हात वाळत. हे वाळवणं नुसत्या सवयीचा भाग नाही. बजींच्या अन्ननलिकेत आणि गळ्याखालच्या अन्नपिशवीत राहणारा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी सामायिक पाण्यातून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो, आणि कोरडं पडलं की तो टिकत नाही. कडकडीत वाळलेलं भांडं ओल्या भांड्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

रोजच्या धुण्याला भांडी घासायचा साबण पुरतो, फक्त फेसाचा मागमूस राहता कामा नये. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे घरगुती ब्लीच घालून त्यात भांडी दहा मिनिटं बुडवा, मग वास जाईपर्यंत धुवा आणि वाळवा. हे काम पिंजऱ्यापासून लांब करा, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर तो व्हिनेगरने निघतो, पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. चरे पडलेलं प्लास्टिक टाकून द्या, चऱ्यांत ब्रश पोचत नाही. स्टील, काच, चिनी माती उत्तम. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं किंवा तांब्याचं भांडं नको. जस्त पक्ष्यांना विषारी ठरतं, आणि आपण पुण्य लागतं म्हणून तांब्याच्या वाटीत पाणी ठेवतो, पण त्यात काही आंबट पडलं तर तांबं पाण्यात उतरतं.

आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासायचं आणखी एक कारण आहे. डेंगीचा डास बहुतेक साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. महापालिकेचे लोक "कोरडा दिवस पाळा" म्हणतात तेव्हा कूलर आणि कुंड्यांसोबत गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडंही त्यात धरा.

पाणी कोणतं द्यावं? जे तुम्ही स्वतः पिता तेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, माणसांना पिण्यासाठी जेवढं असतं तेवढं, पक्ष्यांनाही चालतं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं किंवा उन्हाळ्यात टँकरचं आलं तर उकळून, निववून, झाकून ठेवलेलं द्या. आरओचं पाणीही चालतं. त्यात क्षार कमी असतात म्हणून काळजी वाटत असेल तर पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) लावून ठेवा, कॅल्शियम त्यातून मिळतं. फ्रिजचं गार पाणी नको. माठातलं द्या, आमच्याकडे एप्रिलपासून माठातलंच असतं.

आता व्हिटॅमिनचे थेंब. बंद करा. दुकानदाराने चांगल्या हेतूने दिले असतील, पण गोडसर पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि नळीतला तो बुळबुळीत थर दुपटीने येतो. उजेडात आणि उन्हात त्यातली बरीच जीवनसत्त्वं काही तासांत निकामी होतात. शिवाय सहा पक्ष्यांपैकी कोण किती प्यालं हे कळत नसल्याने कुणाला किती मिळालं हेही कळत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे रंग किंवा चव बदलली की काही पक्षी पिणंच कमी करतात, आणि उन्हाळ्यात ते परवडत नाही. अ जीवनसत्त्व द्यायचं असेल तर शेवग्याचा पाला, मेथी, किसलेलं गाजर द्या. पाला दोनदा धुवा आणि ओलाच पिंजऱ्यात टांगा. बजी त्यात अंग घासून आंघोळही करतात, बघायला फार गोड दिसतं.

औषधांचंही तसंच. अँटिबायोटिकची पुडी पाण्यात मिसळायला देतात, पण आजारी पक्षी बऱ्याचदा पाणी पिणंच सोडतो, म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच औषध पोचत नाही. टेट्रासायक्लिन तर कॅल्शियमशी बांधलं जातं, त्यामुळे शेजारी समुद्रफेस लटकत असेल तर अंगी लागणं आणखी कमी. औषध द्यायचं तर डॉक्टरांनी सांगितलेलं, तेही शक्यतो थेट चोचीत.

किती पाणी लागतं? पस्तीसेक ग्रॅमचा बजी एरवी दिवसाला चहाच्या चमच्याएवढं किंवा त्याहून कमी पितो. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला पक्षी, थोड्यात भागवतो. पण तिथे तो थव्याने उडत पाण्याच्या शोधात जातो, तुमच्या पिंजऱ्यातून कुठे जाणार? ४५ अंशांच्या दुपारी तो चोच उघडून, पंख अंगापासून फाकवून धापा टाकतो. त्याला घाम येत नाही, मुख्यतः श्वासावाटे पाणी उडवून अंग थंड ठेवतो, त्यामुळे पिणं कितीतरी वाढतं. घरट्यासाठी लावलेल्या मडक्यात पिल्लं असतील तर मादीला आणखी लागतं.

नेमकं मोजायचं असेल तर मेडिकलमधून बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणा. दोन सारखी भांडी मोजून भरा, एक पिंजऱ्यात आणि एक पिंजऱ्याबाहेर त्याच सावलीत. चोवीस तासांनी दोन्हींत किती उरलं ते मोजा. बाहेरच्यातून गेलं ते हवेत उडालं, आणि आतल्यातून जास्तीचं गेलं ते पक्ष्यांनी प्यालं किंवा सांडलं. चार-पाच दिवस करा, तुमच्या थव्याचा नेहमीचा आकडा मिळेल. मग तो अचानक दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला की कळतं. ऊन वाढलेलं नसताना पिणं वाढलं आणि ट्रेमधल्या कागदावर शीभोवती पाण्याचं मोठं वर्तुळ दिसू लागलं तर डॉक्टर गाठा. (आदल्या दिवशी काकडी किंवा भरपूर पाला दिला असेल तर एक दिवस थांबून बघा, त्यानेही असं होतं.) नागपुरात असाल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. पक्षी पिसं फुगवून तळाशी बसला असेल तर मात्र मोजमाप करत बसू नका, त्याच दिवशी न्या.

राहिलं तुमचं चार दिवसांचं जाणं. रोज एकदा, आणि मे असेल तर दोनदा, कुणीतरी येणं भागच आहे. त्यांना "पाणी आहे का बघा" असं सांगू नका, माझी चूक तीच होती. "जुनं पाणी ओता, वाळत ठेवलेली नळी भरून लावा, पन्हाळीत बोट बुडवून पाणी आलंय ना बघा, आणि पन्हाळीचा फोटो पाठवा," असं सांगा. फोटो नळीचा नको, पन्हाळीचा हवा. जायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या. कुणीच येणारं नसेल तर पिंजरा ओळखीच्या घरी पोचवा, पण नेहमीच्याच नळ्या सोबत द्या, नवं भांडं नवख्या जागी नको.

आधी वाटीची जागा बदला, दोन नळ्या आणा आणि आठ दिवस दोन्हींवरच्या रेघा बघत राहा. कोणती किती उतरते ते इथे कळवा. एकच उतरत असेल तर दुसरीची जागा किंवा तोंड तपासावं लागेल, आणि ते तुम्ही घरी असतानाच झालेलं बरं.