फ्रिज पहाटे बंद पडतो, हब तापतो, धूळ आत येते : कॅम्पर ट्रेलरवाल्यांचे प्रश्न

हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकला, म्हणजे आतल्या ओसाड भागात, गेलेली मंडळी परत आली की पत्रांचा ढीग येतो. या वेळी तीन घेतलीत, बाकीची पुढच्या अंकात.

प्रश्न (मेलबर्न): दादा, आमच्या ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-अवरची एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) बॅटरी आहे. गाडी चालवली की अँडरसन प्लगमधून (गाडी आणि ट्रेलरची वीज जोडणारा जाड प्लग) चार्ज होते असं विकणाऱ्याने सांगितलेलं. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात पाच तास गाडी चालवून गेलो, तरी पहाटे तीनला फ्रिज बंद! सकाळी श्रीखंड आंबलेलं, दूध फुकट गेलं. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, लिथियम टाका. टाकू का?

उत्तर: थांबा, आधी मल्टिमीटर घ्या. मोजल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो कारण नवी बॅटरी टाकूनही तोच त्रास चालू राहिलेली माणसं मी बघितलीत आणि वाईट वाटतं. ५० लिटरचा फ्रिज दिवसरात्र मिळून साधारण ३० ते ४० अँपिअर-अवर खातो, कडक उन्हाळ्यात जास्त. एजीएममधून निम्मं म्हणजे ५० वापरायला हरकत नसते, म्हणजे भरलेली बॅटरी एक रात्र आरामात काढायला हवी. मग आधी दोन शक्यता बघायच्या, बॅटरी भरतच नाहीये किंवा तिची वीज फ्रिजपर्यंत पोचत नाहीये.

पोचत नाहीये का ते आधी बघा, दहा मिनिटांचं काम आहे. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्या आणि लगेच फ्रिजच्या सॉकेटवर घ्या. फ्रिज बंद असताना मोजलं तर सगळं छान दिसतं आणि आपण फसतो. बॅटरीवर १२.५ आणि सॉकेटवर ११.४ आलं तर बॅटरी बिचारी ठीक आहे, मधली वायर, जोड नाहीतर तो सिगारेट लायटरसारखा सॉकेट व्होल्टेज खातोय आणि फ्रिज कमी व्होल्टेज बघून स्वतःला बंद करतोय. कच्च्या रस्त्यावर हादरून हादरून तो सॉकेट सैल होतोच. काढून टाका, स्क्रूने घट्ट बसणारा किंवा छोटा अँडरसन लावा.

आता भरण्याचं. इथे ऑटोच्या दुकानात ‘६ एमएम’ म्हणून जी वायर मिळते ना, तो आकडा प्लास्टिकच्या आवरणासकट व्यासाचा असतो, आतलं तांबं साधारण ४.६ चौरस मिलिमीटरच. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ७ मीटर धरा, जाऊन येऊन १४. २० अँपिअर वाहिले तर सुमारे १ व्होल्ट वायरीतच गेला. तेच ‘६ बी अँड एस’ (वायरीच्या जाडीचं दुसरं माप) वायर घातली, तिच्यात तांबं १३.५ चौरस मिलिमीटर असतं, तर ०.३६ व्होल्ट. केवढा फरक बघा! त्यात तुमची गाडी नवी असेल आणि स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा गाडीचा जनरेटर) असेल तर गाडीची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, मग ट्रेलरच्या एजीएमला जे १४.४ च्या आसपास लागतं ते कधी मिळतच नाही आणि पाच तास चालवूनही बॅटरी अर्धीच. यावर उपाय डीसी-डीसी चार्जर, तो गाडीकडून आलेला कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवा तेवढा देतो, आणि तो ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ बसवायचा, गाडीत नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवाच कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. हे सगळं करूनही, चार्जिंगनंतर सगळं बंद ठेवून काही तासांनी बॅटरी १२.७ च्या जवळ दिसत नसेल तर मग बॅटरीचा विचार करा. लिथियम टाकलीत तर चार्जरला लिथियमची सेटिंग आहे का बघा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, हिवाळ्यात डोंगरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

प्रश्न (ॲडलेड): ऊडनाडाटा ट्रॅक, तो कच्चा रस्ता, करून आलो. ट्रेलरच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला रिमवर ग्रीस पसरलंय आणि तो हब (चाकाच्या मधला, बेअरिंग असतात तो भाग) उजव्यापेक्षा जास्त तापतो. हे म्हणतात थोडंफार चालतं, पुढच्या महिन्यात फ्लिंडर्सच्या डोंगरात जाऊन आल्यावर बघू. मला भीती वाटते.

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, तो ट्रेलर आता हलवू नका. आतून ग्रीस आलं म्हणजे हबचं मागचं सील (ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवणारी रिंग) गेलं, आणि सील गेलं म्हणजे धूळ पाणी आत. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर माझं स्वतःचं बेअरिंग गेलंय. निघण्याआधी सर्व्हिसिंग करून घेतलेलं पण ज्याने केलं त्याने नट फार आवळलेला, आणि मी वाटेत एकदाही हबला हात लावला नाही. धूर दिसला तेव्हा बेअरिंगचे रोलर निळे पडले होते. पोरं गाडीत होती, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तपासताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या चाकाला सरकू नये म्हणून ठोकळा लावा, मगच जॅक. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी चाक धरून हलवा, खडखड लागली तर बेअरिंग सैल, हाताने फिरवल्यावर घरघर आली तर खराब. ड्रम उघडल्यावर ग्रीस दुधाळ पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेला हब थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून ओढा ओलांडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ब्रेकच्या शूंना ग्रीस लागलं असेल तर शू बदला, दोन्ही चाकांचे, पुसून भागत नाही. बेअरिंग धुऊन, तपासून, हाताने दाबून दाबून नवं ग्रीस भरायचं, जुन्यात नवं मिसळायचं नाही. सील प्रत्येक वेळी नवं. नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग सोडायचा, मग फक्त बोटांनी घट्ट आणि नवी स्प्लिट पिन. १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा हे करायचंच.

आणि भरलेल्या बेअरिंगचा एक पूर्ण सेट, सील आणि पिनांसकट, सोबत ठेवा. इथे होल्डनवालं (एलएम) आणि फोर्डवालं (एसएल) असे दोन प्रकार फार चालतात, एकमेकांत बसत नाहीत, मोठ्या ट्रेलरला तिसरंच असू शकतं. तेव्हा आता उघडलंय तर बेअरिंगवरचा नंबर लिहून घ्या. वाटेत दर थांब्याला सगळे हब हाताच्या मागच्या बाजूने तपासा. सगळे सारखे कोमट असले तर छान, एकच चटका देत असेल तर तिथेच थांबा.

प्रश्न (पर्थ): गिब रिव्हर रोडच्या कच्च्या रस्त्यावर ट्रेलरच्या किचनमध्ये धुळीचा थर. खालच्या हवेच्या जाळ्या टेपने बंद केल्या तर चालेल?

उत्तर: चालवताना टेप लावली तरी मुक्कामाला पोचल्यावर गॅस उघडण्याआधी ती काढायचीच, दर वेळी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि ती खालची जाळी तो बाहेर जावा म्हणूनच दिलेली असते. धूळ मुळात येते कारण चालताना ट्रेलरच्या आत दाब कमी होतो आणि मागची धूळ फटींतून ओढली जाते. म्हणून छपरावर पुढे तोंड असलेला प्रेशर हॅच (चालताना हवा आत घेणारं झाकण) बसवा, आत थोडा दाब राहतो. दारांचे रबर बदला. कॉरुगेशनवर (कच्च्या रस्त्यावरच्या बारीक लाटांवर) गॅसचे जोड सैल होतात, तेव्हा मुक्कामाला पोचलात की साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की गॅसची बाटली (सिलिंडर) बंद. आणि बाटलीच्या गळ्यावरची तारीख वाचा, १० वर्षं उलटली असतील तर टेस्ट करून घेतल्याशिवाय भरून मिळणार नाही, ते तिकडे डर्बी गावात कळण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.