सुझाना सॉल्टर यांचे चरित्र लिहिताना

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

सुझाना सॉल्टर यांच्या चरित्राचा तुझा खर्डा दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे. परंतु अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील आर्गोनिया गावच्या पुरुषांची खोडी तू चार पाने रंगवतेस आणि सुझानाबाईंच्या नगराध्यक्षपदाच्या वर्षाला जेमतेम एक परिच्छेद देतेस, हे मला खटकले.

खोडी सांगायलाच हवी, पण आधी तिचे कारण येऊ दे. कॅन्ससमध्ये १८८७ साली स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला आणि दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने गावात आपले उमेदवार ठरवले. ते सहन न झालेल्या काही पुरुषांनी तीच यादी उचलून, नगराध्यक्षपदापुढे मात्र सुझानाबाईंचे नाव त्यांना न विचारताच घातले, म्हणजे मूठभर मते पडून साऱ्या संघटनेची नाचक्की व्हावी. ४ एप्रिलला, मतदानाच्या दिवशी, रिपब्लिकन पक्षाची माणसे त्यांच्या घरी पोचली तेव्हा सत्तावीस वर्षांच्या सुझानाबाई धुणे धूत होत्या. निवडून आल्यास पद स्वीकाराल का, असे विचारताच त्यांनी होकार दिला. माझ्या मते चरित्राचा कणा या होकारात आहे. संघटनेच्या स्त्रियांनीही आपला उमेदवार सोडून त्यांना मते दिली आणि सुमारे दोन तृतीयांश मतांनी त्या निवडून आल्या. अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री नगराध्यक्ष म्हणून त्या ओळखल्या जातात.

तू त्यांना ‘साधी गृहिणी’ म्हणतेस, तो शब्द काढून टाक. त्यांचे वडील ऑलिव्हर किन्झी गावचे पहिले नगराध्यक्ष होते, सासरे कॅन्ससचे माजी उपराज्यपाल होते आणि त्या स्वतः कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावच्या कृषी महाविद्यालयात शिकल्या होत्या. सार्वजनिक कामाची बोलणी त्यांनी घरातच ऐकलेली असणार.

पहिल्या सभेचे वर्णन सावकाश कर. निवडून आलेले सभासद तुम्ही, मी केवळ अध्यक्षस्थानी आहे, तेव्हा तुमची इच्छा काय ते सांगा, अशा आशयाचे बोलून त्यांनी सभेचा मान राखला आणि खुर्चीचाही. सभा चालवण्याची ही समज मला फार मोलाची वाटते. याच वर्षात त्यांना मूल झाले आणि ते दगावले. हे दुःख तू गाळलेस, ते घाल. वर्षाचा मोबदला एक डॉलर. पुढे त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

१९६१ साली, वयाच्या १०१व्या वर्षी, ओक्लाहोमातील नॉर्मन येथे त्या वारल्या. दफन मात्र आर्गोनियात, पतीशेजारी झाले. मधल्या वर्षांसाठी दोन पाने पुरेत. सभेचे प्रकरण नव्याने लिहून आधी तेच पाठव.

तुझा शुभचिंतक